ऐनवेळचा विषय

सप्टेंबर उजाडला की आमच्या सोलापुरात दर रविवारी कुठे ना कुठे कुणाची तरी वार्षिक सर्वसाधारण सभा असते. सहकारी संस्थांना ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे लग्नाचे मुहूर्त नसतानाही मंगल कार्यालयांत खुर्च्यांच्या रांगा लागलेल्या दिसतात. मी ज्या पतसंस्थेची सभासद आहे, तिची सभाही अशीच झाली. दारात सही केली, अहवालाचं पुस्तक आणि भेटीचा टॉवेल हातात पडला, पंख्याखालची जागा बघून बसले. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद, नफा वाटणी, लेखापरीक्षकाची नेमणूक. व्यवस्थापक एकेक विषय वाचत होते आणि मागच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ येत होतं. शेवटी नेहमीचं वाक्य आलं, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ हे वाक्य ऐकलं की लोक पिशव्या सावरून उठायला लागतात, कारण बाहेर जेवणाच्या ताटांचा आवाज सुरू झालेला असतो. त्या दिवशी पहिल्या रांगेतून अप्पा उठले.

अप्पा आमचे माजी अध्यक्ष. संस्था एका खोलीत होती तेव्हापासूनचे. आताचे अध्यक्ष त्यांनीच बोट धरून आणलेले. वसुलीला बरोबर न्यायचे, सह्या कुठे करायच्या आणि कुठे नाही हे शिकवायचे. अप्पांच्या हातात अहवाल होता, पानांच्या कडा दुमडलेल्या, आकड्यांच्या बाजूला पेन्सिलीच्या खुणा. माइकची वायर त्यांच्यापर्यंत पोचेना, म्हणून त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली आणि तसंच विचारलं, ‘‘गेल्या वर्षात जी मोठी कर्जं दिली, त्याला तारण काय काय घेतलंय, ते एकदा सभासदांना वाचून दाखवा.’’ एवढंच. आवाज चढवला नव्हता. अध्यक्ष उठले, हात जोडले आणि म्हणाले, ‘‘अप्पा, तुम्ही आम्हाला वडिलांसारखे. पण मालक, तुमच्या काळातली थकबाकी आम्ही अजून निस्तरायलोय, त्याचं काय करायचं?’’ सभागृहात टाळ्या पडल्या. अप्पा क्षणभर उभे राहिले आणि बसले. आभार मानले गेले, सभा संपली.

जिना उतरताना मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘खुर्ची गेली की कंठ फुटतो बघा सगळ्यांना.’’

हे वाक्य मला नंतर कितीतरी दिवस छळत राहिलं. ते सरसकट खोटं आहे असं म्हणता येत नाही, म्हणूनच जास्त. आपण सगळ्यांनी अशी माणसं पाहिली आहेत. निवृत्त झालेले मुख्याध्यापक शाळेच्या फाटकात उभं राहून नव्या मुख्याध्यापकांच्या शिस्तीबद्दल बोलतात. माजी नगरसेवक पार्क चौकात चहा पिताना प्रत्येक खड्ड्याकडे बोट दाखवतात, आणि तो खड्डा त्यांच्या वेळीही तिथेच होता हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. पण मग अप्पांनी विचारलेला प्रश्न? तो कुणी विचारायचा? मी विचारू शकले नसते. मला अहवालातला तो आकडा दिसलासुद्धा नव्हता. पेन्सिलीची खूण करण्यासाठी काय शोधायचं ते ठाऊक असावं लागतं, आणि ते ज्याने कधीतरी त्या टेबलामागे बसून सह्या केल्या आहेत त्यालाच ठाऊक असतं.

मोठेपणा म्हणजे गप्प राहणं, ही शिकवण आमच्या घरात २००४ साली पक्की झाली. सोलापूरच्या न्यायालयात शिपायाची नोकरी केलेला माणूस जानेवारी २००३ मध्ये राज्याचा मुख्यमंत्री झाला, तेव्हा या गावाला काय वाटलं होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. सुशीलकुमार शिंदे विलासराव देशमुखांच्या जागी आले होते. पुढच्या वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली निवडणूक झाली, आघाडीची सत्ता राहिली, आणि मुख्यमंत्रिपदी पुन्हा विलासराव गेले. शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले. नव्या पेठेतल्या चहाच्या गाड्यांवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. लोक वाट बघत होते, एखादा कडू शब्द येईल म्हणून. मला तरी तसा शब्द आलेला आठवत नाही. माझे वडील पेपर घडी करत म्हणाले होते, ‘‘याला म्हणतात माणूस.’’ ते मी मनात जपून ठेवलं. आजही मला ते वागणं थोरच वाटतं. फक्त आता त्याच्या शेजारी एक प्रश्न उभा राहतो. तिथे गेलं ते एका माणसाचं पद होतं. दुःख त्याचं आणि त्याला मानणाऱ्यांचं. ते गिळायचा हक्क त्याचा होता, आणि त्याने ते गिळलं. पण धोका दुसऱ्या कुणाला असेल, ज्याला तो दिसतही नाही, तर त्याच्या वतीने गिळायचा हक्क कुणाला असतो?

जगात या बाबतीत दोन टोकं दिसतात. मार्च २००९ मध्ये जॉर्ज बुश कॅनडातल्या कॅलगरीत भाषणाला गेले होते, पद सोडून दोन महिने झाले होते. ओबामांवर टीका करणार का, असं निघालं तेव्हा त्यांनी सांगितलं की टीका करणारे पुष्कळ आहेत, माझ्याकडून ओबामांना मौन मिळायला हवं. अमेरिकेतल्या माजी अध्यक्षांकडून अशीच अपेक्षा असते, आणि त्या उत्तराची वाहवा झाली. मलाही ते आवडलं होतं. पण मागे २ युद्धं आणि २००८ची आर्थिक पडझड सोडून गेलेल्या माणसाला बोलण्यापेक्षा न बोलणंच सोपं होतं, हेही मला नंतर जाणवलं. दुसऱ्या टोकाला ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ. १९७५ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी त्यांना पक्षनेतेपदावरून हटवलं. त्यानंतर २००१ पर्यंत ते खासदार होते, आणि थॅचरबाईंच्या कारभारावर बोलत राहिले. त्यांचे काही मुद्दे बिनतोड असतील. पण सगळ्या देशाने त्यांचा रुसवाच ऐकला, मुद्दा कुणी ऐकला नाही. ‘कंठ फुटला’ म्हणणारा माणूस जिन्यात असतो तसा तिथेही होता.

या दोघांपेक्षा मला आमच्या गल्लीतले तात्या जास्त आठवत राहिले.

साखर पेठेत आमच्या घराची मागची भिंत आणि यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच होती. दिवसभर भिंत थरथरायची, फडताळातल्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, आणि रविवारी माग बंद असले की आम्हालाच झोप लागत नसे. तिथे तात्या जॉबर होते. माग लावणं, बिघडला तर उघडणं, नव्या कामगाराला धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, कसा धरायचा ते दाखवणं, सगळं त्यांच्याकडे. हात थकले तेव्हा त्यांनीच तयार केलेल्या एका तरुणाला मालकांनी जॉबर केलं. तात्या मग कारखान्याच्या दाराशी कट्ट्यावर येऊन बसायचे. बिडी ओढत, आत न जाता. चादरी घडी करायला बाहेर आणल्या की त्यांची नजर कापडावर. ताण्यातली एखादी तार तुटली तर जुना माग थांबत नाही. तो विणतच राहतो, आणि कापडात एक बारीक उभी रेघ लांबत जाते. वार-दोन वार गेल्यावर ती कुणाच्या तरी लक्षात येते. तात्यांच्या लगेच यायची. मग ते मला हाक मारायचे. मी तेव्हा फ्रॉकातली पोर. ‘‘जा, त्याला जरा बाजूला बोलव आणि सांग, चौथ्या मागावर तार गेलीय. चारचौघांत नको सांगू. आणि मी सांगितलं म्हणू नको.’’ मी धावत आत जायचे. कापसाच्या धुरकट तुसात तो तरुण वाकून माझ्याकडे कान करायचा, मान हलवायचा, आणि माग बंद व्हायचा. त्याला माहीत असायचं निरोप कुणाचा ते. तात्यांनाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. दोघांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

पण एक दुपार वेगळी होती. तात्या कट्ट्यावरून ताडकन उठले. मला काहीच कळलं नाही, मला तर सगळे ठोके सारखेच ऐकू येत होते. ते आत शिरले आणि सगळ्या आवाजावर ओरडले, ‘‘बंद कर तो माग! बंद कर आधी!’’ आत मालक होते, मुंबईहून आलेला व्यापारी होता, दहा-बारा कामगार होते. एका मागाचा धोट्याला मारणारा दांडा नीट बसत नव्हता आणि धोटा वाटेतून उडायच्या बेतात होता. उडालेला धोटा माणसाच्या तोंडावर बसला तर काय होतं, ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. एक डोळा गेलेले दोघं रोज समोरून जायचे. माग बंद झाला. कुणालाही काही झालं नाही. आणि त्या तरुण जॉबरने तात्यांशी बोलणं टाकलं, ते पुढच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत. त्याचं म्हणणं होतं, व्यापाऱ्यासमोर माझी अब्रू काढली. माझी आई तात्यांना म्हणाली, ‘‘जरा हळू सांगायचं ओ.’’ तात्या म्हणाले, ‘‘पोरीला पाठवायला वेळ नव्हता.’’

अप्पांच्या प्रश्नाकडे मी तात्यांच्या या दोन निरोपांमधून बघते. तार गेली असेल तर बाजूला बोलावून सांगावं. नव्या माणसाला चुकू द्यावं, त्याच्या हाताने सुधारू द्यावं, नाहीतर तो जॉबर कधी होणारच नाही. पण धोटा उडणार असेल तर? आणि बाजूला बोलावूनही तो येत नसेल तर?

म्हणून मी अप्पांकडे गेले. बाळीवेशीतलं जुनं घर, अंगणात तुळस, दारातच त्यांची पत्नी भाकरी वाळत घालत होती. शेंगाची चटणी आणि दही पुढे आलं, आणि बराच वेळ आम्ही पाऊस, ज्वारी आणि नातवंडं यावरच बोललो. अप्पा स्वतःहून सभेचा विषय काढणार नाहीत हे कळल्यावर मीच काढला. ते आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. तिच्यात त्यांनी अध्यक्षांना लिहिलेल्या पत्राची प्रत होती, वर संस्थेचा आवक शिक्का, खाली कारकुनाची सही. तारीख सभेच्या बरीच आधीची. तारणाबद्दलचाच प्रश्न, सभेत विचारला त्यापेक्षा सविस्तर, कर्जखात्यांच्या क्रमांकांसह. उत्तर आलं नव्हतं. त्याआधी ते दोन-तीनदा केबिनमध्ये जाऊनही आले होते. चहा मिळाला, पाया पडून झालं, आणि ‘बघतो अप्पा’ असं उत्तर मिळालं. म्हणजे पोरीला पाठवून झालं होतं.

‘‘आणि थकबाकी?’’ मी विचारलं. हे विचारताना मला जड गेलं. अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. म्हणाले, ‘‘खरंय ते. त्यातली मोठी दोन खाती माझ्याच सहीची. त्या वेळी गिरणी बंद पडून आलेली माणसं होती, माग घ्यायचे होते त्यांना. मी जामीन नीट बघितला नाही.’’ मी म्हटलं, अप्पा, हे तुम्ही सभेत आधी का नाही सांगितलं? हे पहिलं सांगून मग तारणाचं विचारलं असतं, तर त्या उत्तरात काही दमच राहिला नसता. ते म्हणाले, ‘‘माणसाला जमत नाही ते लगेच.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘पण बरोबर आहे तुझं.’’

तिथून निघाल्यावर मी मंडेलांचा विचार करत चालत राहिले. १९९९ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि थाबो म्बेकी आले. एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, अशी शंका खुद्द म्बेकी घेत होते, आणि दक्षिण आफ्रिकेत माणसं मरत होती. औषधं सरकारी दवाखान्यांत पोचायला उशीर होत होता. मंडेला आधी पक्षात बोलले, तिथे त्यांनाच सुनावण्यात आलं. मग ते बाहेर बोलले. २००२ मध्ये ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं लिहिलेला टी-शर्ट घालून ते रुग्णांसोबत उभे राहिले. आपल्या कारकिर्दीत या आजाराकडे द्यायला हवं होतं तेवढं लक्ष आपण दिलं नाही, हेही त्यांनी मान्य केलं. जानेवारी २००५ मध्ये मुलगा वारला तेव्हा तो एड्सने गेला हे त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं, ज्या काळात तिथली घरं हा शब्द तोंडातून काढत नव्हती. त्या माणसाला ‘तुमच्या काळात काय झालं’ असं विचारून गप्प करता येत नव्हतं, कारण ते त्यानेच सांगून टाकलं होतं.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१६ मध्ये मनमोहन सिंग राज्यसभेत नोटाबंदीवर बोलले. थोडकंच बोलले. उद्दिष्टाशी मतभेद नाही असं सांगून अंमलबजावणीवर कठोर शब्द वापरले आणि देशाचं उत्पन्न सुमारे २ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला. पुढे फेब्रुवारीत त्याच सभागृहात पंतप्रधानांकडून जो टोला आला, तो त्यांच्या काळातल्या घोटाळ्यांचा. नोटाबंदीवर लोकांची मतं काहीही असोत. मला त्या देवाणघेवाणीत आमच्या मंगल कार्यालयातलीच चाल दिसली: प्रश्न आजचा, उत्तर कालचं. आणि टाळ्या उत्तराला. कालच्याचा हिशेब मागू नये असं मी म्हणत नाही. जरूर मागावा. तो मागण्याआधी आजच्याचं उत्तर देऊन टाकावं एवढंच माझं म्हणणं. अप्पांच्या दोन खात्यांवर अध्यक्षांनी तासभर बोलावं, मी ऐकेन. आधी तारणाची यादी वाचावी.

राजाजींचा, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचा, रस्ता आणखी वेगळा. गव्हर्नर जनरल, केंद्रीय गृहमंत्री, मद्रासचे मुख्यमंत्री, सगळं होऊन गेल्यावर, वयाच्या ऐंशीत, १९५९ मध्ये त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला आणि ज्यांच्यासोबत उभं आयुष्य काढलं त्याच काँग्रेसवाल्यांच्या परवाना राज्याविरुद्ध, म्हणजे धंद्याला पावलोपावली सरकारी परवाना लागण्याविरुद्ध, लढले. वडीलकीचा सल्ला म्हणून आडून बोलले नाहीत. सरळ विरोधक झाले, मतं मागितली, पडायची तयारी ठेवली. १९६७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे ४४ खासदार आले. अशा माणसाला कुणी रुसलेला म्हणू शकत नाही.

आमच्यासारख्या छोट्या संस्थेत तर ‘माजी’ हा शब्द कायदाही फारसा मानत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ खाली चौकशी लागली आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करायची वेळ आली, की आजी आणि माजी दोघांनाही नोटिसा जातात. वारलेल्याच्या वारसांच्या दारापर्यंत ती जबाबदारी पोचते. उद्या पैसे बुडाले तर ‘आम्ही तेव्हा नव्हतो’ म्हणून सुटता येईलच असं नाही, आणि आज प्रश्न विचारला तर ‘तुम्ही आता नाही’ म्हणून बसवतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. ते कवच पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. आमच्या संस्थेत विडी वळणाऱ्या बायकांची दिवसाला थोडी थोडी भरलेली पिग्मी आहे, गिरणीतून मिळालेली शेवटची रक्कम ठेवलेले म्हातारे आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना अहवाल वाचता येत नाही. सभेला येतात, टॉवेल घेतात, जेवतात, आणि पहिल्या रांगेत अप्पा बसलेले दिसले की निर्धास्त होतात. अप्पांच्या बसण्यालाही ते साक्ष मानतात. मग अप्पांनी गप्प बसणं ही निव्वळ सभ्यता कशी राहील?

कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं कार्यालयात जाऊन बघता येतात. मी तसा अर्ज दिला आहे. माझ्यामागे आणखी चार बायकांनी दिला. अप्पांनी त्यांच्या पत्राची प्रत जोडायला दिली आणि सोबत स्वतःच्या सहीच्या त्या दोन खात्यांचे क्रमांक एका कागदावर लिहून दिले, हेही विचारा म्हणाले.

राहिली ती पहिली रांग. त्या दिवशी अप्पांच्या दोन्ही बाजूंना माजी संचालक बसले होते, त्यांच्याच मंडळातले, त्यांच्याइतकीच वर्षं काढलेले. अप्पा उभे असताना त्यांच्यातला एकजण अहवालाचं मागचं पान वाचत होता, दुसरा घड्याळ बघत होता. जेवताना लोक त्यांच्याबद्दल म्हणाले, ‘बघा, किती संयमी माणसं.’ परवा त्यातले एक मला नव्या पेठेत भेटले. मी त्यांना रस्त्यातच विचारलं, काका, तुम्हाला ते तारणाचं माहीत नव्हतं का? ते इकडे तिकडे बघून म्हणाले, ‘‘माहीत आहे गं सगळं. पण आता आपलं वय झालं. वाईटपणा कशाला घ्यायचा?’’

मी म्हटलं, ‘‘काका, ज्यांच्या ठेवी आहेत त्यांचंही वय झालंय. आम्ही विशेष सभेची मागणी करायलोय. सह्या गोळा करतोय. तुम्ही सही करणार का, एवढं सांगा.’’